एका बाकड्यावर दोन अप्पा

माझ्या टेबलावर आत्ता सतरा कॅमेरे आहेत अन् त्यातल्या एकाचीबी काच काचेची नाही. सगळं प्लॅस्टिक. बॉडी प्लॅस्टिक, लेन्स प्लॅस्टिक, रीळ सरकवायचं चाक प्लॅस्टिक. उचलून कानाशी हलवला की आतून खुळखुळ्यासारखा आवाज येतो. आमच्या मामानं पहिला कॅमेरा बघून विचारलं होतं, "कुणाच्या बारशाला चाललीस?"

मामाचा नांदेडात स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे आता पासपोर्ट फोटो, झेरॉक्स अन् लॅमिनेशन. मागच्या अंधाऱ्या खोलीत आधी फोटो धुवायचे, मग बरीच वर्षं तिथं झेरॉक्सचे कागद अन् मंडळाच्या गणपतीचं डेकोरेशन पडून होतं. ती खोली मी मागून घेतली. मी मूळची चाकूरची. डॉक्टर व्हायला लातूरला दोन वर्षं क्लास केला, दोनदा परीक्षा दिली, दोनदा डॉक्टर झाले नाही. मग नांदेडला बी.एस्सी. अन् मग हे. वय सव्वीस. या वयात अनुभव लिहायला बसली म्हणून कुणी हसलं तर हसू द्या, पण अनुभव येऊन गेलाय त्याला मी काय करू.

आधी धंदा काय आहे ते सांगते, मग गोष्ट, नाहीतर गोष्टीत तुम्ही मला सारखं थांबवणार.

खेळण्यातला कॅमेरा म्हणजे ज्यात छत्तीस फोटोंचं रीळ घालायचं अन् बाकी काहीच करायचं नाही. फोकस नाही, उजेड कमीजास्त करायची सोय नाही, मागं स्क्रीन नाही. एक बटण. दाबलं की आतली एक पट्टी क्षणभर बाजूला होते, उजेड रिळावर पडतो, झालं. मग चाक फिरवून रीळ पुढं सरकवायचं. फोटो कसा आला ते धुतल्यावर कळतं. कोपरे काळे येतात, मधलं बरं येतं, उन्हात उभा केलेला माणूस ओळखू येतो. एकेकाळी हे कॅमेरे चहाच्या पुड्यावर फुकट मिळायचे. आता ते माळ्यावर, भंगारात अन् जुन्या बाजारात सापडतात. मी ते आणते अन् सुधारते. मामा म्हणतो बिघडवते.

म्हणजे काय करते? फटीतून उजेड गळत असतो तिथं काळी टेप लावते. लेन्स काढून उलटी बसवली की बोटभर अंतरावरची मुंगी फोटोत येते, ते करून देते. अन् माझं खास काम म्हणजे तार. साध्या कॅमेऱ्यात एकदा बटण दाबलं की रीळ सरकवल्याशिवाय दुसऱ्यांदा दाबता येत नाही, कारण बटणाची स्प्रिंग रीळ सरकतानाच ताणली जाते. मी बाजूला बारीक भोक पाडून सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक धागा आत बसवते. धागा ओढला की रीळ जागच्या जागी राहतं अन् स्प्रिंग ताणली जाते. म्हणजे एकाच फोटोवर दुसरा फोटो, तिसरा फोटो, मन भरेपर्यंत. ही तार लक्षात ठेवा.

रीळ धुवायचं तर कलरला औषधं अडतीस डिग्रीला लागतात अन् ब्लॅक अँड व्हाइटला वीस. मोठ्या शहरात यासाठी मशीन घेतात म्हणे. आमच्याकडं एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतून नळाला येतं तेच पाणी अडतीसचं असतं. जास्त झालं तर माठातलं तांब्याभर घालायचं. म्हणून माझ्याकडं उन्हाळ्यात कलर अन् हिवाळ्यात ब्लॅक अँड व्हाइट. गिऱ्हाईक विचारतं, "असं काहून?" मी म्हणते, "सीझन."

गिऱ्हाईकं एकेक असतात. धर्माबादचे एक मिरचीचे व्यापारी आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की नांदेडात एक पोरगी रीळ उलटं भरते अन् सगळं लाल येतं. खरंय ते, रीळ पालथं भरलं की फोटो लालभडक येतो.

"माल जरा फिका हाय माझा," ते म्हणले. "लाल येईल का?"

"येईल की."

आला. मिरची लाल, पोती लाल, हमाल लाल, अन् ढिगाशेजारी पांढरं धोतर नेसून उभे असलेले ते स्वतः, तेबी लाल. लई वेळ बघत बसले.

"मीबी मालातच गेलो की," म्हणले. घेऊन मात्र गेले.

पण खरं गिऱ्हाईक लातूरचं. लातूरच्या हॉस्टेलांत मोबाईलला बंदी असते. क्लासची बंदी, रेक्टर मॅडमची बंदी, घरच्यांची बंदी. दाराशी पाटीच असते: मोबाईल, हीटर, इस्त्री, बाहेरची माणसं. त्या पाटीत कॅमेरा नाही. कॅमेरा नावाची वेगळी वस्तू असते हेच लोक विसरलेत. मी त्या पाटीखालून दोन वर्षं गेलेय, मला ती अजून पाठ आहे. अन् त्या दोन वर्षांचा माझा एकबी फोटो नाही, हॉलतिकिटावरचा सोडला तर. त्यात मी कुणीतरी पळवून आणल्यासारखी दिसते. म्हणून मी लातूरच्या पोरींना कॅमेरे द्यायला लागले.

एका खोलीत सहा पोरी, सहा जणींत एक रीळ, प्रत्येकीला सहा फोटो, वहीत नंबरवार नोंद. चाक फिरवताना करकर आवाज यायचा अन् मॅडमचा कान तिखट, म्हणून मी आतल्या दात्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून दिला. आवाज बंद. एकदा मॅडमला एक कॅमेरा सापडला. त्यांनी मागून-पुढून बघितला, स्क्रीन कुठंय ते शोधलं, अन् "खेळणी आणत जाऊ नका गं," म्हणून परत दिला.

रीळ माझ्याकडं यायचं डब्यातून. चाकूर-निलंग्याकडच्या आया पोरींना एसटीनं डबा पाठवतात, कंडक्टर तो लातूरच्या स्टँडवर उतरवतो, संध्याकाळी रिकामा डबा परत. खोलीत चाकूरची एक पोरगी होती. ती रिकाम्या डब्यात रीळ टाकायची, चाकूरच्या स्टँडवर माझी आई ते काढून घ्यायची अन् नांदेडच्या गाडीत द्यायची. एकदा डबा नीट धुतला नव्हता, ठेच्याचं तेल रिळाला लागलं. फोटोवर गोल गोल डाग. पोरींनी निरोप पाठवला: लई भारी, पुढच्याबी रिळाला असंच करा.

आता माझी चूक. रिळाला एक शेपूट असतं. कोऱ्या रिळाचं शेपूट डबीबाहेर असतं. वापरून झालं की उलटं गुंडाळून शेपूट पार आत घ्यायचं. शेपूट बाहेर म्हणजे कोरं, आत म्हणजे वापरलेलं, जगात सगळीकडं हाच कायदा. पण आत गेलेलं रीळ काढायला अंधारात डबी फोडावी लागते, त्याचा मला कंटाळा. म्हणून मी पोरींना सांगून ठेवलं होतं, "शेपूट थोडं बाहेर राहू द्या." सोय माझी. त्या सहा पोरींचं रीळ आलं, मी घाईत होते, शेपूट बाहेर दिसलं अन् मी ते कोऱ्या रिळांच्या डब्यात टाकलं. दोन दिवसांनी तेच रीळ दुसऱ्या एका कॅमेऱ्यात भरून लातूरच्याच मुलांच्या हॉस्टेलला दिलं.

पोरांनी त्यावर छत्तीस फोटो काढले. पोरींच्या छत्तीस फोटोंवर.

मी धुतलं तर हे. आधी काही समजंचना. जेवणाच्या ताटात क्रिकेट, फळ्यावर कुणाचा तरी पाय. अन् चौदा नंबर. त्यात सहा जणींतली आमची निलंग्याची शिवलीला गच्चीच्या कठड्यावर शेंगा खात बसलेली, अन् शेजारी चेक्सच्या शर्टातला एक पोरगा, तिच्याकडं बघत. दोन हॉस्टेलं, दोन गच्च्या, कठडे मात्र एका रेषेत. लातुरात गच्चीवर काळ्या टाक्या असतातच. दोघांच्याबी मागं काळी टाकी होती. काळ्यातून उजेड येत नाही, म्हणून एकावर दुसरं पुसट न होता दोघं ठसठशीत आले. असं ठरवून शंभरदा केलं तरी जमणार नाही. मी खोलीत उड्या मारल्या. वाळल्या वाळल्या स्कॅन केलं अन् माझ्या पेजवर टाकलं. कुणाला विचारलं नाही. शिवलीलाकडं मोबाईल नव्हता, कसं विचारणार, असं मी नंतर स्वतःला सांगत होते. पण तिचं तोंड झाकता आलं असतं.

बुधवारी हॉस्टेलच्या ऑफिसातून फोन आला.

"ताई, शिवलीला बोलते. तुमच्या पेजवर मी हाय का?"

"हाव! लई भारी आलाय."

"संगं कोण हाय?"

"ते दुसऱ्या रिळातलं. म्हणजे त्याच रिळातलं, पण—"

"चुलत मामानं बघितला, पप्पांना धाडला. ताई, पप्पा रविवारी गादी न्यायला येऊन राहिलेत."

हॉस्टेलात राहिलेल्यांना हे समजंल. पोरीचं शिक्षण थांबवलं असं कुणी म्हणत नाही. गादी नेली, म्हणतात. परीक्षेला पाच आठवडे होते. शिवलीला खोलीतली सगळ्यात हुशार होती, अन् गादी गेली की पुढचं स्थळ असतं. मी फोटो लगेच काढून टाकला. त्यानं अजून बिघडलं. तिच्या पप्पांचं म्हणणं, खोटा होता तर काढला कशाला?

त्या चेक्सच्या शर्टातल्या पोराचाबी फोन आला. त्यानं एकच विचारलं, "माझे बाकीचे फोटो कुठंयत?"

गुरुवारी सकाळच्या गाडीनं मी निलंग्याला गेले. बॅगेत कॅमेरा, तारवाला.

शिवलीलाच्या पप्पांचं नाव मन्मथअप्पा. पाईप अन् ठिबकचं दुकान. समोर, रस्त्याच्या पलीकडं, दोर, कासरे अन् ताडपत्र्यांचं दुकान. दोन्हीवर एकच नाव. अलीकडच्या पाटीवर नावापुढं "जुने", पलीकडच्या पाटीवर "मूळ". दोन्ही दुकानांपासून सारख्याच अंतरावर, कोपऱ्यात, रझाकभाईचं चहाचं हॉटेल, अन् हॉटेलाबाहेर पाठ टेकायचं एक लाकडी बाकडं.

मन्मथअप्पांनी ड्रॉवरमधून फोटो काढला. कलर झेरॉक्स, वरून लॅमिनेशन केलेलं.

"हा फोटो तू काढलास?"

"काढला नाही अप्पा, झाला." अन् मी सगळं सांगितलं, एका दमात, शेपूट, डबा, पोरांचं हॉस्टेल. "एकाच रिळावर दोनदा उजेड पडला. ती बसली तेव्हा तो तिथं नव्हता."

"मंग फोटोत कसा आला?"

"तो नंतर दुसऱ्या गच्चीवर बसला."

अप्पा पाईपवाले. त्यांनी विचार केला. "म्हणजे दोन लाईनचं पाणी एका टाकीत सोडलं म्हण."

"हाव! तेच!"

"टाकीत पाणी मिसळतंय. हे दोघं मिसळले न्हाईत. येगळे येगळे बसलेत, नीट, शेजारी."

मी काळ्या टाकीचं सांगायला गेले. त्यांनी हात वर केला.

"पोरी, तू दोस्तीण हायस तिची. तू सांगणारच. पण फोटो खोटं कशाला बोलंल? त्याला काय पडलंय?"

मग अप्पांनी रस्त्यापलीकडं बघितलं. तिथं त्यांच्यासारखंच नाक असलेला एक म्हातारा माणूस दोर मोजत होता.

"तो माझा थोरला भाऊ. काशिनाथ. बारा वर्षं झाली, आम्ही एका पंगतीला बसलो न्हाई. त्याच्या पोराच्या लग्नात मी गाव सोडून गेलो व्हतो. त्याला अन् मला एका बाकड्यावर बसव. फोटोत. आम्ही न बसता. तसं जमलं तर मी मानंन की न बसलेली माणसंबी बसलेली दिसत्यात."

"अन् गादी?"

"गादी राहील. पर रविवारपर्यंत."

आता हे कसं करतात ते सांगते. रिळाच्या डबीचं काळं झाकण घ्यायचं, मधोमध कापायचं अन् त्याची अर्धी टोपी करून लेन्सपुढं बसवायची. टोपीनं एक बाजू बंद, तेव्हा दुसऱ्या बाजूचा माणूस टिपायचा. मग तार ओढायची, टोपी फिरवायची, आता पहिली बाजू बंद अन् दुसरा माणूस. रीळ हलत नाही, कॅमेरा हलू द्यायचा नाही, बाकडं हलू द्यायचं नाही. मधे जोड येतो, तो जमला तर जमला. टोपी जरा कमी-जास्त फिरली की मधे काळा पट्टा नाहीतर पांढरा पट्टा. अन् एकच चान्स, कारण एकजण येऊन गेल्यावर त्याला परत बोलवायचं म्हणजे दुसऱ्याला ते दिसणार.

मी रस्ता ओलांडून काशिनाथअप्पांकडं गेले. सगळं परत सांगितलं. ते दोर मोजतच होते, पण "गादी" ऐकल्यावर हात थांबले.

"लीलाची?"

"हाव."

"तिला पयली पाटी म्या आणली व्हती." मग थोड्या वेळानं, "माझंच नाव घेतलं त्यानं?"

"हाव."

"दुसरं कुणी सापडलं न्हाई त्याला." हे तक्रारीसारखंच म्हणले, पण उठून टोपी घातली. "मी उजवीकडं बसणार. थोरला उजवीकडं असतो."

मी रस्ता ओलांडला. मन्मथअप्पा म्हणले, "उजवीकडं म्हणजे? बसणाऱ्याच्या का बघणाऱ्याच्या?"

परत रस्ता. काशिनाथअप्पांनी डोळे मिटून स्वतःला बाकड्यावर बसवून बघितलं. "बसणाऱ्याच्या."

परत रस्ता. मधे एक उसाची ट्रॉली येऊन थांबली, ती जाईपर्यंत मी उभी.

"ठीक हाय," मन्मथअप्पा म्हणले. "मंग मी बघणाऱ्याच्या उजवीकडं. म्हणजे दोघंबी उजवीकडं. सांग त्याला."

बारा वर्षांत त्यांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं, असं रझाकभाईनं मला सांगितलं. रझाकभाईनं मला पंधरा किलोचा तेलाचा डबा पाणी भरून दिला, त्यावर मी कॅमेरा ठेवला, खाली चपटे दगड लावले. "बारा बरस से दोनों को चाय मैंच देता," तो म्हणला. "एक को कम शक्कर, एक को जादा. कभी ग्लास नै बदला." अन् मग त्यानं बाकड्यावर कुणाला बसू दिलं नाही. एक गिऱ्हाईक बसायला लागलं तर म्हणला, "उधर शूटिंग चालू है," अन् त्या माणसानं उभं राहून चहा प्यायला.

आधी मन्मथअप्पा. ताठ, दोन्ही हात गुडघ्यावर, मतदान कार्डावर बसतात तसे. खाट. अप्पा उठून दुकानात गेले अन् पाठ करून बसले, तसं ठरलंच होतं.

मी तार ओढली. टोपी फिरवली. श्वास घेतला नाही.

मग काशिनाथअप्पा आले. ते रोजचे तिथं बसणारे, त्यांना फोटोबिटोचं काही नाही. टेकले, एका पायावर दुसरा पाय घातला, अन् डावा हात लांब करून बाकड्याच्या पाठीवर टाकला. हात मधल्या रेषेच्या पार पलीकडं गेला. तिथं टोपी होती. म्हणजे तो हात मधेच कापला जाणार. मला हे दिसत होतं. मी सांगायला पाहिजे होतं की अप्पा, हात खाली घ्या. पण शेजारी कुणी नसताना तो हात इतक्या सवयीनं तिथं गेला होता की मी काही बोलले नाही. बटण दाबलं.

शनिवारी दुपारी रीळ धुवायला घेतलं. नळाचं पाणी एक्केचाळीस. मामा माठ घेऊन स्वतःच आत आला. तो त्या खोलीत लई वर्षांनी आला होता. औषधाच्या बाटल्या ठेवलेल्या पाण्यात बोट घातलं अन् म्हणला, "अजून अर्धा तांब्या." मी म्हणलं थर्मामीटर आहे. "असू दे," म्हणला. मी थर्मामीटर लावला तर अर्धा तांब्याच कमी होता. सव्वातीन मिनिटं तो घड्याळ धरून उभा राहिला, दुकानात गिऱ्हाईक "ओ स्टुडिओ" करून राहिलं तरी.

जोड जमला होता. काळा पट्टा नाही, पांढरा नाही. मधे एक बारीक धूसर रेघ, ती बाकड्याच्या फळीची वाटत होती.

रविवारी लातूर. हॉस्टेलच्या फाटकाशी टेम्पो उभा, वर खोलीत शिवलीला गुंडाळलेल्या गादीवर बसलेली, बाकीच्या पाच जणी वह्या उघडून खोटंखोटं वाचत. मन्मथअप्पा दारात, हातात दोर. मी फोटो दिला.

त्यांनी चष्मा लावला. फोटो जवळ नेला, लांब नेला.

"मी बसलो तवा तो नव्हता."

"नव्हते."

"तो बसला तवा मी नव्हतो."

"नव्हता."

शिवलीला गादीवरून उठली नाही. तिचं सगळं लक्ष अप्पांच्या तोंडाकडं.

"मंग ह्याचा हात कुठं गेला?" अप्पांनी विचारलं.

मी बघितलं. काशिनाथअप्पांचा हात बाकड्याच्या पाठीवरून निघाला होता, मधल्या रेघेपर्यंत दिसत होता, अन् तिथून पुढं मन्मथअप्पांचा खांदा सुरू होत होता.

"टोपीनं कापला अप्पा. रेघेच्या पलीकडं गेला म्हणून गायब झाला."

"माझ्या पाठीमागून गेल्यासारखा दिसतोय."

"दिसतोय. पण गेलेला नाही."

अप्पांनी मधल्या रेघेवरून अंगठा फिरवला. पाच पोरींतली एकबी पान उलटत नव्हती.

"म्हणजे फोटोवर भरवसा न्हाई," शेवटी म्हणले.

"न्हाई अप्पा."

"बरं." त्यांनी दोर गुंडाळला. "लीले, गादी पसर. अशी वळकटी करून ठेवली की कापूस गोळा होतो." अन् मला म्हणले, "ह्याचा दुसरा निघतो का?"

"निगेटिव्ह असली की निघतो."

"निगेटिव्ह दे मंग. कुणाच्या हाती लागाया नको."

दिली. माझ्याकडं स्कॅनसुद्धा नाही त्याचा. पेजवर टाकायचा प्रश्नच नव्हता, तेवढं मी शिकले होते. आता टेबलासमोर भिंतीवर कागद लावलाय: विचारलं का? अन् वापरलेलं रीळ आलं की आधी कात्रीनं शेपूट कापते, मग बोलते.

ते छत्तीस फोटो मात्र गेले ते गेले. परीक्षा झाल्यावर सहा जणी नांदेडला आल्या अन् म्हणल्या, कात्री द्या. ज्यातून पोरं कापता आली तेवढे घेऊन गेल्या. बाकीचे माझ्याकडं पाकिटात आहेत. त्यांच्याबी त्या वर्षाचं हातात धड काही राहिलं नाही, अन् हे मी केलं. शिवलीलाला आयुर्वेदाला नंबर लागला. चौदा नंबर तिनं नेला नाही. तो मी तिच्यासमोर फाडला.

पेढे न्यायला बोलावलं म्हणून मी निलंग्याला गेले. मन्मथअप्पांकडं पेढे खाल्ले, त्यांच्या दुकानात तो फोटो कुठं दिसला नाही, मीबी विचारलं नाही. निघताना काशिनाथअप्पांनी पलीकडून हात केला, तशी मी गेले. त्यांच्या गल्ल्यामागं, देवाच्या फोटोच्या खाली, तो फोटो. मी दिला होता त्याच्या चौपट मोठा, फ्रेम केलेला. दुकानात टांगलेल्या फोटोला हार असतो, याला नव्हता, त्यावरून दोघं जिवंत आहेत एवढं कळत होतं.

निगेटिव्ह एकच होती अन् ती मी ज्याला दिली होती तो रस्त्याच्या पलीकडं पाईप मोजत होता.

मी रझाकभाईकडं बघितलं. "बोलतात का आता?"

"नै." त्यानं ग्लास धुतला. "मेरेकू मत पूछो. मैं चाय देता."

काशिनाथअप्पांनी मला फोटोजवळ बोलावलं. बोटानं काचेवर मधली रेघ दाखवली.

"पोरी, तूच काढलास नव्हं हा? एक सांग. लई दिवस झाले, बघतोय. हा माझा हात. हितपर्यंत दिसतोय. पुढं कुठं गेला?"

मला उत्तर माहीत होतं. लातूरला पाच पोरींसमोर दिलं होतं.

"पाठीमागून गेलाय अप्पा," मी म्हणलं. "त्यांच्या पलीकडच्या खांद्यावर आहे. म्हणून दिसत नाही."

त्यांनी मान हलवली.

"मला वाटलंच," म्हणले, अन् दोर मोजायला लागले.